ईसीजी नॉर्मल, तरी जीव घाबरा

रात्री उशिरा एखाद्या तिशीतल्या तरुणाला घरचे रिक्षात घालून कॅज्युअल्टीत आणतात. छाती धडधडतेय, दरदरून घाम फुटलाय, श्वास पुरत नाहीये, हातांना मुंग्या आल्यात आणि तो एकच वाक्य धरून बसलाय, ‘मी काही वाचत नाही आता.’ ईसीजी काढतात, रक्त तपासायला जातं. रिपोर्ट येईपर्यंत तो बराच सावरलेला असतो. ईसीजी नॉर्मल, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेतलंय. गॅसेसही असतील,’ असं ऐकून, पित्ताची गोळी घेऊन मंडळी घरी परततात. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. मग दुसरे डॉक्टर, इको, स्ट्रेस टेस्ट, एंडोस्कोपी. काही घरांत दृष्ट काढली जाते, काही घरांत ‘हा नाटकं करतो’ असं ठरतं.

यात एक खरंखुरं कोडं आहे. हृदय ठणठणीत असेल, तर मरण समोर उभं असल्याची इतकी पक्की खात्री आली कुठून? सगळं मनाचंच म्हणावं, तर नाडी खरोखरच पळत होती आणि शर्ट खरोखरच भिजला होता. शिवाय हा झटका काही मिनिटांत कळसाला पोचतो आणि कुणी काही न करता आपोआप ओसरतो. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, हे आता अनेकांना ठाऊक आहे. असे झटके अचानक आणि वारंवार यायला लागले आणि पुढच्या झटक्याच्या धास्तीने माणसाचं जगणंच बदललं, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात.

अशी माणसं हृदयाच्या डॉक्टरांसमोर किती येतात आणि किती ओळखली जातात, याचा अंदाज माँट्रियलच्या एका हृदयरुग्णालयातल्या पाहणीतून येतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत छातीत दुखतं म्हणून इमर्जन्सीत आलेले ४४१ जण होते. त्यांतल्या १०८ जणांना पॅनिक डिसऑर्डर असल्याचं मुलाखतींतून निघालं आणि तपासणाऱ्या हृदयतज्ज्ञांच्या ते जवळजवळ कधीच लक्षात आलं नव्हतं. यांतल्या बऱ्याच जणांना आधीपासून हृदयविकारही होता, हे इथेच सांगायला हवं. एक आहे म्हणून दुसरं नाही, असं यात होत नाही.

सैनिकांचं चिडकं हृदय

अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना जेकब मेंडेस डा कोस्टा हे डॉक्टर फिलाडेल्फियाच्या लष्करी इस्पितळात काम करत होते. तरणेबांड सैनिक त्यांच्याकडे यायचे. छातीत धडधड, दम लागणं, चक्कर, छातीत कळ अशा तक्रारी असायच्या, पण तपासल्यावर हृदयात बिघाड सापडायचा नाही. अशा सुमारे ३०० सैनिकांच्या नोंदींवरून डा कोस्टांनी १८७१ साली निबंध लिहिला आणि या दुखण्याला ‘चिडकं हृदय’ असं नाव दिलं. लांबलांबच्या पायपिटीने आणि तापा-जुलाबाने हृदयावर ताण येऊन ते असं वागतं, अशी त्यांची समजूत होती. औषध काय, तर विश्रांती आणि डिजिटॅलिस. पहिल्या महायुद्धात हेच दुखणं ब्रिटिश सैनिकांत दिसलं आणि हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी त्यावर पुस्तक लिहिलं.

दरम्यान व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली हीच लक्षणं चिंतेच्या विकारात नेऊन बसवली. तिथून पुढे साठेक वर्षं दोन वाटा समांतर चालत राहिल्या. हृदयाचे डॉक्टर हृदयात शोधत राहिले, मनोविश्लेषक बालपणात. रुग्ण दोन्हीकडून रिकाम्या हाताने परतत होते. यातल्या सैनिकांना, आणि नंतर घराबाहेर पडणंच सोडून दिलेल्या स्त्रियांना, आयुष्यभर ‘कमकुवत मनाचे’ हा शिक्का घेऊन जगावं लागलं असणार, हे वाचताना फार लागतं.

नर्सच्या टेबलाकडे धावणारा रुग्ण

कोंडी फुटली ती वॉर्डातल्या एका बारीक निरीक्षणाने. १९५०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कमधल्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन हे तरुण मनोविकारतज्ज्ञ इमिप्रामिन हे नवं औषध वापरून पाहत होते. ते उदासीनतेवरचं औषध होतं, पण क्लाइन यांनी ते सतत भेदरलेल्या आणि मानसोपचारांनी बऱ्या न झालेल्या काही रुग्णांनाही दिलं. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणाला, काही फरक नाही. त्याच्यावर मानसोपचार करणारे डॉक्टरही म्हणाले, काही फरक नाही. वॉर्डातल्या नर्सेस मात्र म्हणाल्या, फरक आहे. हा माणूस रोज कित्येकदा ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडे धावत यायचा. कुणीतरी त्याचा हात धरून बसायचं, थोड्या वेळाने झटका ओसरायचा आणि तो निघून जायचा. आता त्याचं हे धावत येणं बंद झालं होतं.

मग रुग्णाला फरक का जाणवत नव्हता? क्लाइन यांच्या लक्षात आलं की आपण ज्याला सरसकट भीती म्हणतोय त्यात वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अचानक उसळणारा झटका, पुढचा झटका कधी येईल याची रात्रंदिवस धास्ती, आणि त्या धास्तीपोटी बाजार, बस, गर्दी, एकटं राहणं टाळत जाणं. गोळीने झटके थांबले होते. धास्ती आणि टाळाटाळ तशीच होती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हे मांडलं तेव्हा फार कुणाला पटलं नाही, पण १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानाच्या ग्रंथात पॅनिक डिसऑर्डर हा स्वतंत्र विकार म्हणून घेतला. झटका, धास्ती आणि टाळणं हे तिन्ही वेगळे धरले, तरच पुढचे उपचार समजतात.

श्वासातला वायू आणि खोटा सायरन

झटका प्रयोगशाळेत मुद्दाम आणता आला तर त्याचं मूळ सापडेल, असा पुढचा विचार होता. अशा रुग्णांना व्यायाम करायला लावला की त्यांच्या रक्तात लॅक्टेट, म्हणजे स्नायू राबल्यावर तयार होणारा पदार्थ, इतरांपेक्षा जास्त वाढतो हे आधी दिसलं होतं. १९६७ साली सेंट लुईसमध्ये पिट्स आणि मॅक्लुअर यांनी सोडियम लॅक्टेट सलाइनमधून थेट शिरेत दिलं. १४ रुग्णांपैकी १३ जणांना झटका आला. निरोगी १० जणांपैकी दोघांनाच.

पुढे नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी याहून सोपी पद्धत रूढ केली. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एकच खोल श्वास. कुणालाही तो घेतल्यावर क्षणभर गुदमरल्यासारखं होतं. पण पॅनिक डिसऑर्डर असलेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्या एका श्वासाने हुबेहूब नेहमीचा झटका येतो. आणि ज्यांना आयुष्यात कधी झटका आलेला नाही, अशा त्यांच्या सख्ख्या नातेवाइकांतही हा हळवेपणा इतरांपेक्षा जास्त आढळतो.

दिवाळीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुतळी बॉम्ब फुटला की एखाद्या गाडीचा सायरन केकाटायला लागतो. चोर आलेला नसतो. सायरनही मोडलेला नसतो. त्याचा सेन्सर फार हळवा लावलेला असतो, एवढंच. क्लाइन यांनी १९९३ साली पॅनिकची जी उपपत्ती मांडली ती अशीच आहे. गुदमरण्याचा धोका ओळखायला मेंदूत एक यंत्रणा असते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ती ‘हवा मिळत नाहीये, पळ’ असा इशारा देते. पाण्यात बुडताना हाच इशारा जीव वाचवतो. काहींमध्ये ही यंत्रणा जरा जास्तच हळवी असते आणि हवा भरपूर असतानाही वाजते.

भीतीसाठी मेंदूत एकच केंद्र आहे, या समजालाही या वायूने धक्का दिला. अमिग्डाला हा बदामाएवढा भाग भीतीचं ठाणं मानला जातो. एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात तो दोन्ही बाजूंनी नष्ट होऊ शकतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अभ्यासली गेलेली अशी एक स्त्री साप, भयपट, अगदी जिवावरचे प्रसंग यांनाही घाबरत नसे. २०१३ साली जस्टिन फाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी तिला आणि हाच आजार असलेल्या दोघी जुळ्या बहिणींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा श्वास दिला. तिघीही भयानक घाबरल्या. बाहेरच्या जगातला धोका ओळखायला अमिग्डाला लागत असेलही, पण शरीराच्या आतून येणारी धोक्याची हाक मेंदूत दुसऱ्या वाटांनीही पोचते. ज्याला बाहेर घाबरण्यासारखं काहीच नसतं, त्याला पॅनिक का येतं, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

अर्धंच, कारण यादी इथे थांबत नाही. लॅक्टेटने झटका येतो, कार्बन डायऑक्साइडने येतो, भरपूर कॅफिनने येतो, योहिंबिन नावाच्या औषधाने येतो. शरीरात हे सगळे वेगवेगळ्या ठिकाणी काम करतात. मग त्यांच्यात समान काय? एवढंच, की या प्रत्येकाने शरीरात काहीतरी जोरात जाणवतं.

शरीराचा अर्थ लावताना

१९८६ साली ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी नेमका हाच धागा पकडला. त्यांचं म्हणणं असं, की झटका संवेदनेतून उठत नाही, तिच्या आपण लावलेल्या अर्थातून उठतो. एखादा माणूस दादरच्या पुलाचे जिने भराभर चढून वर येतो. सकाळपासून चहावर आहे, रात्री झोप झालेली नाही. छाती धडधडते. मागच्याच महिन्यात ऑफिसातला कुणी पंचेचाळिसाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेला असतो. ‘हे तेच तर नाही?’ हा विचार पुरतो. अॅड्रेनालिन सुटतं, हृदय आणखी पळतं. वाढलेली धडधड हा त्याला पुरावा वाटतो. पुरावा मिळाला म्हणून भीती वाढते, भीती वाढली म्हणून धडधड वाढते.

त्यात श्वास भर घालतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि शरीरात तयार होतो त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. रक्तातलं त्याचं प्रमाण खाली गेलं की रक्त किंचित अल्कलीकडे झुकतं. मग त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होऊन ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं आणि आजूबाजूचं सगळं परकं, धूसर वाटायला लागतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण या स्थितीत रक्त तो पेशींना सहज सोडत नाही आणि ‘श्वास पुरत नाही’ असं वाटत राहतं. म्हणून माणूस आणखी जोरात श्वास घेतो. घरातले कळवळून सांगत असतात, ‘मोठ्ठा श्वास घे, मोठ्ठा!’ त्या वेळी याची अजिबात गरज नसते. श्वास सोडणं लांबवायला सांगितलं तर उपयोग होतो.

क्लार्क यांनी रुग्णांना शब्दांच्या जोड्या मोठ्याने वाचायला दिल्या: धडधड आणि मृत्यू, धाप आणि गुदमरणं, चक्कर आणि बेशुद्धी. नुसतं वाचून यातल्या बहुतेक रुग्णांची घबराट वाढली. निरोगी लोकांना काही झालं नाही.

या सगळ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो १९८९ साली सँडरसन, रेपी आणि बार्लो यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग. पॅनिक डिसऑर्डर असलेल्या २० जणांना त्यांनी ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा १५ मिनिटं दिली. प्रत्येकासमोर एक दिवा आणि हाताशी एक बटण होतं. सगळ्यांना सांगितलं होतं, की दिवा लागला तर बटण फिरवून वायू कमी करता येईल, पण शक्यतो करू नका. निम्म्या लोकांचा दिवा लागला, निम्म्यांचा लागलाच नाही. दिवा न लागलेल्या दहांपैकी आठ जणांना झटका आला. दिवा लागलेल्या दहांपैकी दोघांना. बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. सर्वांच्या छातीत तेवढाच वायू गेला होता.

म्हणजे शरीर आणि मन यांत एकाची निवड करायचं कारणच उरत नाही. सेन्सर हळवा असू शकतो, तो जन्मतः असू शकतो, आणि तरीही सायरन वाजल्यावर आपण काय समजतो यावर पुढचं बरंच काही ठरतं.

न सांगता येणारे झटके

‘मी काही विचारच करत नव्हतो, टीव्ही बघत होतो आणि एकदम आला,’ असं रुग्ण सांगतात आणि ते खरंच सांगत असतात. काहींना तर झटका गाढ झोपेतून उठवतो, आणि तो स्वप्नांच्या झोपेतून आलेला नसतो. टेक्सासमधल्या आलिशिया मोयरे आणि सहकाऱ्यांनी ४३ रुग्णांच्या अंगावर हृदयाचे ठोके, श्वास, घाम मोजणारी उपकरणं दिवसभर लावून त्यांना नेहमीच्या कामांना सोडलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण १३ झटके नोंदवले गेले. रुग्णांच्या लेखी ते अचानक आले होते. पण उपकरणांत त्याआधी पाऊण तासापासून श्वासात आणि ठोक्यांत लाटा उठताना दिसत होत्या. शरीर कधीपासून अस्वस्थ होतं, माणसाला पत्ता नव्हता.

कुणाला हा विकार होतो? बहुतेकांना विशीच्या आसपास सुरू होतो. स्त्रियांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट आढळतो. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा चाळीस टक्क्यांच्या आसपास निघतो, पण एकच एक जनुक सापडलेलं नाही. बालपणी दम्याचा किंवा गुदमरण्याचा अनुभव, धूम्रपान, वर्षभरात झालेली मोठी उलथापालथ यांचाही संबंध दिसतो. मुद्दा लक्षात ठेवायचा तो वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहण्यांनुसार आयुष्यात कधीतरी पॅनिक अटॅक आलेले लोक सुमारे १३ टक्के आहेत आणि पॅनिक डिसऑर्डर झालेले दोन टक्क्यांहूनही कमी. झटका अनेकांना येतो. विकार त्यांना जडतो जे पुढच्या झटक्यावर नजर ठेवून बसतात.

[चौकट] पहिला झटका आला तर

हा पॅनिक आहे की हृदयविकार, हे घरच्या घरी ठरवू नये. पहिल्यांदा असं झालं, वय चाळिशीपुढचं असलं, मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असलं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असली, तर आधी इस्पितळ. ईसीजीबरोबर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर एकदा तपासावी, कारण थायरॉइड वाढला, रक्त कमी झालं किंवा साखर उतरली तरी अशीच धडधड होते. ठोक्यांचा ताल बिघडण्याचे आजारही वगळावे लागतात. कागदी पिशवीत श्वास घेण्याची जुनी युक्ती वापरू नये. दुखणं हृदयाचं किंवा दम्याचं असेल तर ऑक्सिजन कमी पडून ती जिवावर बेतू शकते. तपासण्या एकदा नीट झाल्या की पुन्हा पुन्हा त्याच करू नयेत. प्रत्येक नव्या रिपोर्टने चार दिवसांचा दिलासा मिळतो आणि शंका पुन्हा जागी होते.

भीती मुद्दाम उठवायची

विकार शरीराच्या संवेदनांच्या भीतीवर पोसला जात असेल, तर त्या संवेदनांशी पुन्हा ओळख करून द्यायची, हा आजच्या मानसोपचाराचा गाभा आहे. अमेरिकेत डेव्हिड बार्लो आणि मिशेल क्रास्के यांनी आणि इंग्लंडमध्ये क्लार्क यांनी याच्या पद्धती बसवल्या. बोधात्मक वर्तन उपचार, ज्याला सगळे सीबीटी म्हणतात, त्याचाच हा एक प्रकार. साधारण बारा बैठका.

सुरुवातीला झटक्यात काय काय होतं ते कागदावर मांडतात आणि रुग्णाच्या भाकिताला प्रश्न विचारतात. ‘चक्कर येऊन पडेन’ असं वाटतं ना? बेशुद्ध व्हायला रक्तदाब उतरावा लागतो. पॅनिकमध्ये तो सहसा चढलेला असतो. इतक्या झटक्यांत किती वेळा पडलात? मग खोलीतच प्रयोग सुरू होतात. फिरत्या खुर्चीवर मिनिटभर गरगर फिरायचं, म्हणजे घेरी येईल. नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, म्हणजे गुदमरल्यासारखं होईल. जागच्या जागी धावायचं, म्हणजे धडधडेल. मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायचा, म्हणजे मुंग्या येतील. प्रत्येक वेळी किती भीती वाटली त्याला दहापैकी गुण द्यायचे आणि तोच प्रयोग पुन्हा करायचा. पहिल्यांदा स्ट्रॉ हातात घेतानाच ज्याचे हात थरथरतात, त्याला काही दिवसांनी या प्रयोगाचा कंटाळा यायला लागतो. तो कंटाळाच हवा असतो. दमा, हृदयविकार, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर हे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत, आणि पहिल्यांदा तरी जाणकारासमोरच करावेत.

नंतरचा टप्पा चिवट असतो. रुग्णाने नकळत जमवलेले आधार सोडवायचे असतात. खिशात एक गोळी, पर्समध्ये पाण्याची बाटली, नाटकाला कडेची खुर्ची, लोकलमध्ये दाराजवळची जागा, एक्स्प्रेस वेवरचा बोगदा टाळायला जुना रस्ता, बाजाराला जाताना सोबत नवरा. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९९१ साली दाखवून दिलं की हेच आधार भीतीला जिवंत ठेवतात. झटक्यातून सुखरूप बाहेर पडलं की माणूस श्रेय बाटलीला देतो. बाटली नसती तरी काही झालं नसतं, हे त्याला कधी कळतच नाही. म्हणून मग एक दिवस बाटली घरी ठेवून दोन स्टेशनं जायचं, दुसऱ्या दिवशी पाच.

श्वासाच्या व्यायामांबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. मोयरे यांच्या गटाने श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्राच्या मदतीने रुग्णांना हळू आणि उथळ श्वास घ्यायला शिकवलं आणि त्याचा चांगला फायदा दिसला. उलट काहींचं म्हणणं, की श्वासाचा व्यायाम हाही बाटलीसारखाच आधार होऊन बसतो. मला हा धोका खरा वाटतो. रोजचं प्राणायाम किंवा शवासन चांगलंच आहे, पण झटका आल्याबरोबर त्याला पळवून लावायला श्वासाकडे धाव घेतली, तर झटका धोकादायक आहे हीच समजूत पक्की होते.

गोळ्यांचं गणित

इमिप्रामिन आता मागे पडलं. त्याची जागा एसएसआरआय गटातल्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन अशा औषधांनी घेतली. यांनी झटके कमी होतात, पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आणि पहिल्या काही दिवसांत जीव उलट जास्तच अस्वस्थ होतो. धडधडीला आधीच घाबरलेला माणूस तिथेच गोळी बंद करतो आणि ‘औषध सोसलं नाही’ म्हणतो. म्हणूनच जाणते डॉक्टर निम्म्याहून कमी मात्रेने सुरुवात करतात आणि हे होणार असल्याचं आधी सांगून ठेवतात. बरं वाटायला लागल्यावरही औषध बरेच महिने, साधारण वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात.

माझी खरी तक्रार अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपामच्या सढळ वापराबद्दल आहे. अर्ध्या-पाऊण तासात शांत वाटतं, म्हणून ती लोकप्रिय आहेत. अमेरिकेत १९९० साली पॅनिक डिसऑर्डरसाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध अल्प्राझोलामच होतं. पण रोज घेतलं की त्याची सवय लागते, आणि एकदम बंद केलं की मूळच्याहून जोरदार घबराट उसळते. ती आजार परतल्याची खूण समजून माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचना पॅनिक डिसऑर्डरसाठी हा गट देऊच नये असं सांगतात. आपल्याकडे अल्प्राझोलाम एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही आणि केमिस्टला त्याची नोंद तीन वर्षं ठेवावी लागते. तरी जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने गोळ्या घेणारी माणसं आपल्या ओळखीत निघतातच. ज्यांची सवय जुनी आहे त्यांनी हे वाचून गोळी एकदम सोडू नये; फिट येण्याचीही वेळ येऊ शकते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थेंबाथेंबाने कमी करायची असते.

गोळी चांगली की सीबीटी? बार्लो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चार केंद्रांत ३१२ रुग्णांवर याचा पडताळा घेतला आणि २००० साली निष्कर्ष छापले. काहींना सीबीटी, काहींना इमिप्रामिन, काहींना दोन्ही. उपचार चालू असेपर्यंत या तिन्ही गटांत फायदा दिसला आणि दोन्ही एकत्र मिळालेल्यांचं चित्र काही महिन्यांनी सर्वांत चांगलं दिसत होतं. सगळे उपचार थांबवून सहा महिन्यांनी पाहिलं, तर ज्यांना औषधाशिवाय सीबीटी मिळाली होती त्यांची सुधारणा जास्त टिकली होती, आणि सीबीटीबरोबर औषध घेतलेल्यांतले बरेच घसरले होते. याचा एक अर्थ असा लावला जातो, की गोळी चालू असताना धडधडीला सामोरं गेलेला माणूस धीराचं श्रेय गोळीला देतो. ज्याला घराबाहेरच पडता येत नाही, झोप नाही, सोबत उदासीनता आहे, त्याला औषधाची गरज असतेच आणि त्यात कमीपणा काही नाही. पण गोळी लिहून दिली आणि सीबीटीचा उल्लेखच झाला नाही, तर आपण होऊन विचारावं.

घरच्यांनी काय म्हणावं

‘तुला काही झालेलं नाही’ हे वाक्य रुग्णाच्या वाट्याला सर्वांत जास्त येतं, आणि ते चुकीचं आहे. त्याला झालेलं असतं. ‘तुला पॅनिक अटॅक आलाय, हृदय तपासलंय, हा थोड्या वेळात उतरेल, मी इथे आहे’ असं म्हटलं तर ते खरंही असतं आणि उपयोगाचंही. हात धरून बसावं, पण गर्दीतून लगेच ओढून बाहेर नेऊ नये. झटका तिथेच उतरू दिला तर त्या जागेची भीती बसत नाही. आणि दर वेळी सोबत जायची सवय असेल, तर ती एकाएकी तोडण्याऐवजी तिच्या किंवा त्याच्याशी बोलून, टप्प्याटप्प्याने कमी करावी.

पहिल्यांदा कुठे जावं हे कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना सोबत सगळ्या जुन्या तपासण्यांची फाइल आणि चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव न्यावं, त्यात दम्याचा पंप, सर्दीची औषधं आणि दिवसाचे चहाचे कपही मोजावेत. आणि पहिल्याच भेटीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे औषध किती महिने चालणार, आणि सीबीटीचं रीतसर प्रशिक्षण घेतलेलं जवळपास कोण आहे.